आठ पानांची चोपडी

आमच्या चावडीवर पेपर येतो. लढाईचा, खुनाचा, बुडालेल्या बोटींचा. ऐकायला गाव जमतं. मी जात नाही. मी घरी बसून परीची, उडत्या खाटल्याची, बोलणाऱ्या पोपटाची चोपडी वाचतो. मिशा पिकल्या तरी वाचतो. लोक म्हणतात, "म्हतारा परत पाळनामा गया." म्हणोत. माझ्या हातात काय असावं हे मला कोणी सांगायचं नाही.

पण एके काळी लोकांना खून वाचून दाखवणारा मीच होतो. तिसरीत शाळा सुटली, तरी गावात छापलेलं धडाधड वाचणारा मी एकटा. बाजारातून खुनाच्या चोपड्या आणायचो. आठ पानं, पातळ गुलाबी कागद, वर बाईचं चित्र. कुठल्याशा गावात कुणी कुणाला मारलं ते पोवाड्याच्या चालीवर रचलेलं असायचं. आमच्या ओट्यावर माणसं दाटीनं बसायची. घाव बसायची वेळ आली की मी मुद्दाम थांबून विडी पेटवायचो. मग सगळे कावायचे, "वाच ना भो, पुढे काय व्हयनं?" तेव्हा मला राजा झाल्यासारखं वाटायचं.

धाकटी बहीण दाराआड उभी राहून ऐकायची आणि माणसं गेली की मला टोचायची. "तुले मुडदाज गोड लागतस का रे भाऊ? एखादी परीनी गोट वाच ना."

"परीनी गोट पोरीस्नी. हाई माणसास्नी," मी म्हणायचो.

तिच्यासाठी एकदाही परीची गोष्ट वाचली नाही.

बाप नव्हता. तिचं स्थळ मीच पाहिलं, मीच पसंत केलं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि तिच्या नवऱ्यानं तिला मारलं. कशानं, कुठं, ते मी लिहिणार नाही. ते लिहिणारे दुसरे झाले. धुळ्याला खटला चालला, नवऱ्याला काळं पाणी झालं. मी घरी येऊन मायला एवढंच सांगितलं, की निकाल लागला.

पुढच्या हिवाळ्यात खापर गावच्या बाजाराला गेलो होतो. एका चोपडीवाल्याभोवती गर्दी होती, तो डफावर गात होता. सवयीनं मीही उभा राहिलो. खरं सांगतो, पहिल्या दोन ओळींना मी मानही हलवली. मग तिच्या सासरचं गाव आलं. मग तिचं नाव आलं.

पोवाड्यात त्यानं तिला गुडघ्यापर्यंत केस दिले होते. माझ्या बहिणीचे केस तापात गळाले होते, ती वेणीत काळा दोरा घालून भर करायची. त्यानं तिला एक यार दिला होता. तिला कुठला यार! पण यार नसला तर पोवाड्याला रंग चढत नाही, हे मला ओटा भरवणाऱ्याला ठाऊक होतं. शेजारचा माणूस म्हणाला, "अशी बाईले असंज पाहिजे." मी त्याच्याकडे पाहिलं. ही माझी बहीण, एवढंच म्हणायचं होतं. भर बाजारात ते माझ्या तोंडातून निघालं नाही. नाक कापलं जाईल असं वाटलं.

मी चोपडीवाल्याला म्हणालो, "सगळ्या दे."

"सगळ्या? तू बी ईकाले बठशी का भाऊ?"

"दे सांगं ना."

"घे बापा. तुन्हासारखा गिऱ्हाईक रोज उना ते मी माडी बांधसू!"

सगळा गठ्ठा गाडीत चाऱ्याखाली घालून घरी आणला आणि धान्याच्या कणगीमागं दडपला. खानदेशात आता तिच्या नावाची एकही चोपडी नाही, असं समजून मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

पुढच्या बाजारी तो होताच. गठ्ठा दुप्पट. मला पाहून लांबूनच ओरडला, "या भाऊ! तुन्हाकरताज परत छापी आनी. छापखानावाला म्हने, हाई बाई भलती चालस!"

माझ्यामुळे ती परत छापली गेली होती. हे मला तिथंच कळलं, तरी मी त्याही सगळ्या घेतल्या. त्याच्या पुढच्या बाजारीही घेतल्या. हात मागं घेणं म्हणजे तिला तिथं गर्दीत एकटी सोडून येणं होतं. शेवटी कोणी सांगितलं की तो डफ धडगावच्या पहाडात पोचला, तेव्हा मी विकत घेणं सोडलं.

मायला शेजारणीनं त्या चोपडीचं सगळं सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. एका सकाळी ती कणगीतून ज्वारी काढायला गेली आणि चोपडी हातात घेऊन ओट्यावर आली. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हाई तीज शे ना?"

"हो माय."

"वाच."

धडाधड वाचणारा मी, पहिलं अक्षर जिभेवर येईना. मग चोपडी डोळ्यांसमोर धरली आणि मनानं बोलत सुटलो. एक बाई सकाळी उठली. सासरहून निघाली. वाट चुकली तर पोपटानं वाट सांगितली. तापीला पूर होता, तर आभाळातून खाटलं उतरलं. पोरींचं म्हणून ज्याला हसलो होतो ते सगळं मी त्या आठ पानांत कोंबलं. दर पानाला पान उलटायचं विसरलो नाही.

माय कागदाकडेच बघत होती. "पोचनी का ती घर?"

"पोचनी."

"कोनी काई बोलनं का तिले?"

"नही माय. कोनीज नही."

तिनं चित्रावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू वाचस का बनावस रे?"

मी चोपडी मिटली.

"उद्या बी असंज वाच," ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

बाकीचे गठ्ठे मी शेतात नेऊन जाळले. ती एक मात्र ठेवावी लागली. माय होती तोवर रोज भाकरीआधी स्वतः काढून द्यायची आणि मी रोज बहिणीला घरी पोचवायचो. मायच्या बोटानं चित्रातल्या बाईचं तोंड पुसून गेलं. माय जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. चोपडी माझ्या उशाच्या पेटीत आहे. तिच्यात छापलेलं काय आहे, ते मी अजून वाचलेलं नाही.