बिनहाडाची कॅप्सूल

समोरची वस्तू कशाची बनली आहे हे विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होता आणि नेमका तोच माझ्या मावशीच्या पदरी पडला होता. मावसाजी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होते. जाड भिंगांचा चष्मा, ग्रीसनं कायमची काळी झालेली नखं आणि तोंडात एकच प्रश्न, “हे कायचं बनते?” एका लग्नात त्यांनी वरात थांबवून बँडवाल्याला ढोलाचं कातडं कोणत्या जनावराचं ते विचारलं. तो बिचारा तेलुगू. त्याला वाटलं, पाहुण्यांना वाजवणं कमी पडतंय. तो आणखी जोरात वाजवू लागला. तहसील कचेरीत मोहरेची लाख कशाची असते या चौकशीत ते इतके रंगले, की ज्या दाखल्यासाठी गेलो होतो तो न घेताच आम्ही परत निघालो आणि निम्म्या वाटेत त्यांनीच मला विचारलं, “बाबू, आपून कायले गेल्तो?” उत्तर मिळून त्यांचं समाधान झालेलं मी कधी पाहिलं नाही. उत्तरानं ते जास्तच गोंधळत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच आदिलाबादला नोकरीला लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. मावशीला टीबी निघाला. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या आणि रोज सकाळी घ्यायची लाल कॅप्सूल लिहून दिली. मावशीनं लग्नाआधीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. महिनाभर सारं ठीक चाललं. मग जैनथच्या बसमध्ये मावसाजींच्या शेजारी औषधांचा एक विक्रेता बसला. त्याच्या बॅगेकडे बोट दाखवून त्यांनी आपला प्रश्न विचारला आणि त्यानं भोळेपणानं सांगून टाकलं, की कॅप्सूलचं वरचं कवच जनावरांच्या हाडांचं नि कातड्याचं बनतं. दुसऱ्या कुणी हे ऐकून पोटात ठेवलं असतं. मावसाजींनी चपला काढायच्या आधी दारातूनच बातमी सांगितली. मावशीनं हातातलं कॅप्सूलचं पाकीट खाली ठेवलं आणि म्हणाली, “मंग आता नाई घेत मी.”

मावसाजींचा चेहरा असा झाला, की जणू मशीन नीट जोडलं आणि तरी उलटं फिरू लागलं. “बाबू, मी सांगतलं ते खरं व्हतं ना?” त्यांनी मला विचारलं. म्हटलं, “खरं होतं.” “मंग काऊन असं झालं?”

कॅप्सूल उघडून आतली भुकटी मधात कालवून दिली, तर मावशीला उलटी झाली आणि औषधानं नेसलेलं पातळ लाल झालं. डॉक्टर तेलुगूत ओरडले, “मंदु आपवद्दु!” औषध थांबवू नका. दुसऱ्या दिवशी मावसाजींनी जिनातून रजा घेतली आणि अंगणात बिनहाडाच्या कवचांचा कारखाना टाकला. भंगारातल्या लोखंडी सळ्यांचे बोटभर तुकडे घासून गुळगुळीत केले, फळीवर उभे ठोकले, त्यांना तिळाचं तेल लावलं. पातळ रसात फळी उलटी बुडवायची, वाळू द्यायची, सळीवरून कवच ओढून काढायचं. एवढं त्यांना विक्रेत्यानं सांगितलं होतं. रस कशाचा, हे मात्र विचारायचं राहिलं होतं. जन्मभर हाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं! साबुदाण्याच्या कवचांना मुंग्या लागल्या. धावड्याचा डिंक सळीला असा बसला, की छिन्नी लावावी लागली. मग त्यांनी कापूस उकळायला ठेवला. दोन दिवस उकळल्यावर पातेल्यात उकळलेला कापूस होता. (झाडाच्या धाग्यापासून अशी कवचं खरंच बनतात, हे मला पुढे नव्वदच्या दशकात कळलं; तेव्हा मी त्यांना हसलो होतो.) इकडे मावशीचा खोकला वाढला. पाचव्या दिवशी पदराला रक्त दिसलं. मावसाजी पातेल्यासमोर उकिडवे बसून राहिले. डोळे धुरानं लाल झाले होते की कशानं, ते मला ओळखता येईना.

सहाव्या दिवशी त्यांनी कोठीतून मावशीची कुरडईची गव्हाची कणी काढून भिजत घातली, सातव्या दिवशी वाटून चीक काढला. तो शिजवताना त्यात गाठी झाल्या. खाटेवरून मावशी बघत होती. तोंडाला पदर लावून ती हळूच उठली. “सरका. सारा चीक नासून टाकला. असं ढवळतेत काय?” भिंतीला टेकून तिनं चीक काचेसारखा होईपर्यंत ढवळला, त्यात चिमूटभर डिंक विरघळवला. कवचं निघाली! पण टोपण काही खालच्या अर्ध्यावर बसेना. मावसाजी पुन्हा गोंधळले. मावशी म्हणाली, “अवो, झाकण डब्यापरीस मोठं नोको काय?” आयुष्यभर एकात एक बसवणाऱ्या फिटरनं साऱ्या सळ्या एकाच जाडीच्या घासल्या होत्या. टोपणांसाठी जरा जाड सळ्या त्यांनी त्याच संध्याकाळी घासल्या.

आठव्या दिवशी सकाळी लाल भुकटी भरलेली वाकडीतिकडी, पिवळट, बोराएवढी कॅप्सूल मावशीच्या तळहातावर होती. तिनं उगाचच विचारलं, “कायची हाय?” “गव्हाची,” मावसाजी म्हणाले आणि श्वास रोखून उभे राहिले. तिनं ती पाण्याबरोबर घेतली. पुढचे पाच महिने त्या अंगणात रोज फळी वाळत होती. शेवटच्या एक्स-रेत छाती साफ निघाली.

मावसाजी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर मावशीजवळ बसलो असताना मी सहज विचारलं, “मावशी, ती कवचं गिळल्या जात होती ना नीट?”

“कायची गिळल्या जाते! आरधी तं तोंडातच इरघळे. कडू जहर.”

“मग थुंकली काऊन नाही?”

“ते रोज पुढ्यात उभे राहून माह्या तोंडाकडे पायत रायत,” मावशी म्हणाली. “कसं थुकू, तूच सांग.”