तळ्यावरची लेडीज बॅच

रात्रीच्या जेवणाच्या वेळी टूर लीडरने उभं राहून जाहीर केलं, "उद्याचा दिवस तुमचा. कार्यक्रम काही नाही. परवा सकाळी बस पुढच्या गावाला निघेल, तोवर मंडळी मोकळी."

आमचा चाळीस जणांचा ग्रुप एकमेकांची तोंडं बघू लागला. इतके दिवस आम्हाला कोणीतरी उठवत होतं, मोजत होतं, बसमध्ये चढवत होतं आणि परदेशात वरणभात वाढत होतं. आता अख्खा दिवस आपला आपण काढायचा म्हणजे संकटच होतं. शेवटी आमच्या ह्यांनी तोंड उघडलं.

"म्हणजे उद्या तुमची रजा. असं सरळ सांगा की."

टेबलावर हशा पिकला. टूर लीडरही हसला, कारण खरं तेच होतं.

ह्यांचा जन्म हडपसरच्या एका कारखान्यात सुपरवायझरी करण्यात गेला. कारखाना सुटला, सुपरवायझरी सुटली नाही. निवृत्तीनंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीची पाण्याची टाकी, लिफ्ट आणि वॉचमन ह्यांच्या देखरेखीखाली आले, आणि टूरवर निघताना माझी बॅगही आली. स्प्रिंगच्या काट्यावर बॅग लटकवून त्यांनी माझ्या जादा चपला बाहेर काढल्या. शालीत गुंडाळलेला पोहण्याचा पोशाख मात्र त्यांच्या नजरेतून निसटला. तो तसा निसटावा म्हणूनच मी तो शालीत गुंडाळला होता.

पोहायला मी शिकले ती मुलीमुळे. तिला उन्हाळी शिबिराला टँकवर घेऊन जायचे आणि इतर आयांबरोबर बाकावर बसून घामाघूम व्हायचे. एक दिवस म्हटलं, पाण्याशेजारी बसून उकडून घ्यायला मला काय वेड लागलंय? दुसऱ्या दिवशी लेडीज बॅचला नाव घातलं. मुलगी पोहणं विसरली, संसाराला लागली. मी मात्र बँकेतली नोकरी सांभाळून, आणि नंतर नोकरी संपल्यावरही, पोहत राहिले.

टँकच्या दारावर पाटी होती: "महिलांच्या वेळेत पुरुषांनी आत डोकावू नये. ही विनंती नाही." त्यामुळे हे मला स्कूटरवरून दारापर्यंत सोडायचे आणि न्यायला यायचे, पण आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. मी बाहेर आले की विचारायचे, "झालं डुंबून?" पाहुण्यांना सांगायचे, "हिला डुंबायची हौस आहे." म्हशीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, पण डुंबतं कोण हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी सुरुवातीला भांडले. मग सोडून दिलं, म्हणजे तोंडाने सोडून दिलं.

आणखी एक सल होता. खडकवासल्याच्या धरणावर आम्ही किती वेळा गेलो असू! कणसं खाल्ली, पाणी बघितलं, परत आलो. तिथे पाण्यात उतरू देत नाहीत ते बरोबरच आहे, दरवर्षी कोणाचं तरी पोर बुडतं. पण भिंत नसलेल्या पाण्यात एकदा तरी पोहायचं, हे मी तिथेच कणीस खाता खाता ठरवलं होतं. आणि ते ह्यांनी बघायचं, हेही ठरवलं होतं. ह्या टूरला निघताना हे म्हणाले होते, "आता पुन्हा एवढा प्रवास नाही गं, गुडघे नको म्हणतात." म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच, आणि हॉटेलच्या खिडकीतून तर तळं समोर दिसत होतं.

सकाळी ग्रुपमधली बहुतेक मंडळी चॉकलेटं आणि घड्याळं घ्यायला बाजारात पांगली. ह्यांचा बेत नाश्ता, फेरी आणि दुपारची झोप असा होता. मी शाल उलगडली.

"मी तळ्यावर पोहायला चाललेय."

"काय घालून?"

मी पोशाख दाखवला. गडद निळा, गुडघ्यापर्यंत, वर फ्रॉकसारखी झालर. ह्यांनी तो कारखान्यात नाकारलेला माल बघावा तसा बघितला.

"हा काट्यावर आला नव्हता."

"आला होता. तुम्ही चपला मोजत होतात."

हे बूट चढवू लागले. मग म्हणाले, "मी येतो. पासपोर्ट कोण सांभाळणार?" दोघांचे पासपोर्ट ह्यांच्या पोटावरच्या पाऊचमध्ये असायचे, त्यामुळे ते सांभाळायला तळ्यावर कशाला यायला हवं ते मला कळलं नाही.

तळ्याकाठी पोहायची जागा बांधून काढलेली होती. लाकडी फाटक, आत लाकडी ओटा, पाण्यात उतरायला शिडी, आणि लांब पाण्यात नांगरून ठेवलेला एक तराफा. फाटकातून बघितलं तर ओट्यावर दिसले ते सगळे म्हातारे पुरुष. कोणी पाय सोडून बसलेला, कोणी अंग पुसतोय.

"जेंट्स बॅच चालू आहे," हे म्हणाले.

"असू दे. संपेल की."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शंका घ्यावी असं आम्हाला काहीही वाटलं नाही. आधी पुरुष, मग बायका, ही जगाची रीतच आहे असं दोघंही धरून चाललो होतो. हे घड्याळ बघत होते. "तासाची बॅच असणार. तास भरला की शिट्टी होईल." मी पर्समधून चिवडा काढला. तास उलटला. शिट्टी झाली नाही, म्हातारे हलेनात, उलट आणखी दोन आत गेले.

"शिस्त नाही," हे म्हणाले. "आपल्याकडे ओढून बाहेर काढतात."

तेवढ्यात फाटकातून माझ्याच वयाची एक बाई केस पुसत बाहेर आली. मागून तिचा नवरा, तोही ओला. मी उठले आणि माझ्या बँकेतल्या इंग्रजीत विचारलं, बायकांची वेळ कधी सुरू होते? बिचारीने आधी स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग हळूहळू समजावून सांगितलं की इथे सगळे केव्हाही, सगळ्यांबरोबर पोहतात.

"म्हणजे आपण तासभर कोणाची वाट बघत बसलो?" ह्यांनी विचारलं.

"तुमची जेंट्स बॅच संपायची," मी म्हटलं.

हे उठले, चिवड्याची पुडी दुमडली. "चल मग परत. सगळे एकत्र आहेत म्हटल्यावर…"

इथे माझाही पाय अडखळला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी भिंतीआड पोहत आले होते. परक्या पुरुषांसमोर नुसते ओले केस घेऊनही कधी उभी राहिले नव्हते, आणि इथे तर झालर लावलेला पोशाख होता. पण मग ध्यानात आलं की एकत्र आहेत म्हणजे फक्त ते म्हातारे नव्हेत. आयुष्यात पहिल्यांदा असं फाटक भेटलं होतं, जिथे माझ्या नवऱ्याला आत यायला मनाई नव्हती.

"एकत्र आहेत म्हणूनच तुम्हाला आत येता येईल," मी म्हटलं. "चला."

सवयीप्रमाणे मी आधी शॉवर घेतला, टोपी घातली. म्हाताऱ्यांपैकी एकानेही मान वळवली नाही, ह्याचं मला नंतर थोडं वाईटही वाटलं. शिडीवरून उतरले तर पाणी असं गार की तोंडातून "आई गं" निघालं. सोडलं अंग.

टँकमध्ये खाली निळ्या फरशा दिसतात आणि थोडं अंतर कापलं की भिंत येते. भिंतीला हात लावायचा, वळायचं. इथे खाली बघितलं तर नुसता हिरवा काळोख. भिंत आलीच नाही. मी घाबरले. दोन हात उगीचच पाण्यावर आपटले. मग स्वतःवरच रागावले: एवढी वर्षं काय डुंबत होतीस का? श्वास धरला, हात लांब टाकला, आणि मग मात्र शरीर आपलं आपण चालू लागलं. समोर डोंगर, अंगाखाली तळं, आणि अडवायला काही नाही. मला इतका आनंद झाला की पाण्यातच मोठ्याने हसले आणि घोटभर पाणी प्यायले.

तराफ्यापाशी पोचून वळले तर ओट्यावर ह्यांचे बूट दिसले, मोजे आत खोचलेले. हे स्वतः पँट वर करून ओट्याशेजारच्या उथळ पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे होते. पासपोर्टचं पाऊच एका हाताने डोक्यावर धरलेलं. ह्या माणसाला पोहता येत नाही. मी परत आले तेव्हा त्यांनी टॉवेल पुढे केला.

"मधे डोकं दिसेना तुझं," ते म्हणाले.

"चार हात मारले की एकदा श्वास घेते मी, तोवर डोकं पाण्यातच असतं."

"रोज एवढं पोहतेस?"

"रोज याहून पुष्कळ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तराफ्याकडे. "बोलली नाहीस कधी."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "बोलले होते," मी म्हटलं. "खूपदा."

मी टॉवेल परत त्यांच्याच हातात दिला. "अजून एकदा जाऊन येते."

"जा," हे म्हणाले. "पण तराफ्याला हात लावून ये. मघाशी लावला नाहीस, नुसतीच वळलीस."

मी गेले आणि हात लावून आले.

रात्री जेवताना टेबलावर खरेदी मांडली गेली. कोणाची चॉकलेटं किती स्वस्त पडली, कोणाच्या घड्याळाला वॉरंटी किती. समोरच्या काकांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही कुठे होतात हो दिवसभर? बाजारात दिसला नाहीत."

मी ताटात बघत राहिले. तो डुंबण्याचा शब्द आता येणार म्हणून पाठ ताठ केली.

"ही तळ्यात पोहली," हे म्हणाले. "तराफ्यापर्यंत. दोनदा. मी होतो तिथे, मी बघितलं."

मग त्यांनी वाढप्याकडे अजून थोडा भात मागितला.