रेशनच्या लाईनीतली आमची शेजारीण

वसमतला आमच्या घराला लागून एक खोली आहे, तिच्यात बिहारची बाई राहते. नवरा हळदीच्या अडतीवर पोती उचलतो. ती आली तेव्हा माझ्या सासूनं घर डोक्यावर घेतलं होतं. "ह्या परप्रांतीयांना काहून खोली दिली? उद्या आपल्यालाच हाकलतील!" वर्ष सरलं नाही तर त्याच सासूनं तिला भाकरी थापायला शिकवली, संक्रांतीला वाण दिलं, बाळंतपणात शेक-शेगडी केली. इतके डिंकाचे लाडू मला कधी मिळाले नव्हते बाई! मी जळले, खोटं कशाला बोलू.

मग कळलं, नियमच आहे म्हणे. कुठल्याही राज्याचं रेशनकार्ड इथं चालतं, अंगठा लावला की झालं. शेजारणीला हाताला धरून सासूच दुकानात गेली आणि दुकानदाराशी भांडली, "नियम हाय ना? मग दे की तिला!" मला वाटलं, म्हातारी बदलली.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी लाईनीत उभ्या होतो. गहू कमी आला होता, सगळ्यांना पुरणार नाही असं दुकानदारानं आधीच सांगितलं होतं. आमच्या पुढं एक नवी बाई, कडेवर लेकरू. कार्ड दाखवत म्हणाली, "भैया, बिहार का कार्ड है, चलेगा ना?"

दुकानदार म्हणाला, चालतं. झालं! सासू कडाडली, "आधी गावातल्यांना द्या! कुठून कुठून येऊन राहिले!"

मी चपापून शेजारणीकडं पाहिलं. हिच्या जिवाला केवढं लागलं असेल! निदान ही तरी त्या बाईची बाजू घेईल, असंही वाटलं.

शेजारीण पुढं झाली. त्या बाईचा खांदा धरून, अगदी आमच्या बोलीत म्हणाली, "ए बाई, मागं सरक. पहिले आमी." त्या बिचारीला शब्द कळले की नाही, देव जाणे. खांद्यावरचा हात मात्र कळला. ती मुकाट शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्यापर्यंत गहू पोचलाच नाही. रिकामी पिशवी घेऊन, रडणाऱ्या लेकराला थोपटत ती गेली.

घरी येताना मला काही सुधरेना. सासूवर चिडावं, तर तिनं ह्या पोरीला लेकीसारखं केलं. शेजारणीवर चिडावं, तर ती आमच्यातली व्हावी हेच आम्हाला पाहिजे होतं. मग चिडावं तरी कुणावर?

शेजारीण चालता चालता माझ्याकडं वळली. "ताई, बराबर बोलले ना मी?"

माझ्याआधी सासूनंच तिच्या पाठीवर थाप मारली. "बराबर बोललीस पोरी. आता शोभतीस आमची."