सुमनच्या मापाच्या वह्या

"आमचे काका वारले," फोनवर कोणी तरी म्हणालं. "राँग नंबर," म्हणून मी ठेवून दिला. मोरव्यात चाळीस वर्षं माझ्या शेजारी राहिलेल्या सुमनला कोणी काका म्हणेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं? आजारपणात तिला वरसाव्याला नेणारा तिचा पुतण्या होता तो. मला खरं कळेपर्यंत तिला पँट-शर्ट घालून स्मशानात नेऊनही झालं होतं. दीड महिना झाला, राग उतरत नाही. उतरणारही नाही. तिचं जन्माचं नाव मी इथे लिहिणार नाही, छापणाऱ्यांनी विचारलं तरी.

सुमन ब्लाउज शिवायची. मुलगा म्हणून वाढवलेल्या पण साडीतच जीव असलेल्या तिच्यासारख्या साऱ्याजणी, ज्यांना दुसरा शिंपी दारात उभं करत नव्हता, त्या दुपारी यायच्या. शटर अर्धं खाली. प्रत्येकीचं माप वहीत, बाजूला ब्लाउजच्या कापडाचा तुकडा टाचलेला, आणि वर नाव... जिचं तिने सांगितलेलं. मी मिठागरातून सुटलो की तिथे टेकायचो. "ओ मीठवाले, आधी पाय धुवा! रेशमाला डाग पडला तर तो ब्लाउज तुम्हालाच घालीन," ती ओरडायची.

दुकान रिकामं करताना पुतण्याने त्या वह्या भंगारात काढल्या. मी गठ्ठ्यावर बसलो तो उठलोच नाही. शेवटी पुतण्याच म्हणाला, "न्या बाबा, रद्दीच आहे." पुढे शहरातून एक मुलगी आली. अशा माणसांचे कागद, फोटो जपून ठेवणारी त्यांची संस्था आहे. वह्या चाळता चाळता रडली. "आजोबा, यातल्या कितीजणींचं हे नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसेल." पण वारसाची सही लागते म्हणे. झालं, रद्दीचा वारस जागा झाला! "सही देतो, पण वह्या ठेवाल त्या पेटीवर काकांचं खरं नाव टाका." खरं? अरे, तू तिच्या दुकानाची पायरी तरी कधी चढलास?

सही अडली आहे. वह्या माझ्या पलंगाखाली आहेत. पहिल्या वहीचं पहिलं पान तिच्याच मापाचं. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही, म्हणून टेप मी धरली होती. "आता लिहा की," म्हणाली. मी चौथी नापास, तरी पेन्सिल घेतली. हिरव्या कापडाच्या तुकड्याशेजारी छाती, कंबर, पाठ, आणि वर माझ्या वाकड्या अक्षरात... सुमन.

पेटीवर हेच लिहिणार असाल तर या. गठ्ठा मी स्वतः उचलून देईन. पाय धुऊन.