कागदामागे न मावलेली

कागद उभा धरायचा असतो. आडवा नाही. मॅडमनं तो माझ्या पोटासमोर उभा धरला. दोन्ही बाजूंनी माझी कंबर बाहेर आली. गिऱ्हाईक बायका हसल्या.

"हलू नको," मॅडम म्हणाली. "चेहरा पण येऊ दे."

मोबाइल समोर स्टँडवर लावलेला होता.

यवतमाळच्या बाजारातलं कपड्यांचं दुकान. मॅडम म्हणजे मालकाची सून. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकानात कुर्त्यांच्या घड्या घालायच्या. दुकानाच्या पेजवर मॅडम रील टाकायची. त्या दिवसांत हा कागदाचा खेळ सगळीकडे चालला होता. कंबर कागदामागं लपली की बाई सुंदर. मॅडमची लपली. मग तिला अशी कोणी पाहिजे होती जिची लपणार नाही.

आम्ही चौघी कामाला होतो. तिनं मलाच हाक मारली.

"तुमच्याकडे खाणं जडच असतं ना," ती म्हणाली. "सगळंच चालतं तुमच्यात."

तुमच्यात. या शब्दाचा अर्थ मला पहिलीपासून माहीत आहे. आम्ही बौद्ध आहोत हे तिनं कामावर ठेवतानाच आडनावावरून ओळखलं होतं.

मी हसले. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. सगळ्यांसोबत मी पण हसले.

तो व्हिडिओ दोन दिवसांत मारेगावजवळच्या आमच्या गावात पोचला. कॉलेजात पोरं वहीचं पान फाडून माझ्यासमोर उभं धरायची. बोलायची काही नाहीत. पान धरायची अन् निघून जायची.

मग मी खाणं सोडलं.

एकदम नाही सोडलं. आधी मोबाइलमध्ये शोधलं. एक व्हिडिओ पाहिला, तर त्यानं तसलेच शंभर दाखवले. गळ्याखालची हाडं मोजून दाखवणाऱ्या पोरी. दिवसभरात काय खाल्लं ते दाखवणाऱ्या, अन् ताटात काहीच नाही. एक म्हणायची, भूक लागली म्हणजे तुम्ही जिंकून राहिलात. मी तिचं ऐकलं. डबा होस्टेलच्या मागच्या गाईपुढं टाकायची. खोलीत माझ्यासोबत नाझिया राहायची, तिचे अब्बा गाड्या दुरुस्त करतात. ती विचारायची, "जेवली का?" मी म्हणायची, "दुकानात झालं." दुकानात कोणी विचारलं तर म्हणायची, "होस्टेलवर झालं."

खोटं बोलायला मी शिकले. थंडी नसताना कुडकुडायला लागले. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. वर्गात बाई काय शिकवतात ते कळेना. पण लोक म्हणत होते, छान दिसून राहिली. त्या एका वाक्यावर मी दिवस काढायची.

एका सकाळी होस्टेलच्या पायऱ्यांवर पडले. नाझियानं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं अन् आईला फोन लावला. डॉक्टर बाईनं विचारलं, शेवटची पाळी कधी आली? मला आठवेना. बोटांवर महिने मोजले तर चार झाले होते.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयावर जातो. समजावून बरा होत नाही, इलाज करावा लागतो. पोटाचा पण अन् डोक्याचा पण."

आई दुपारच्या गाडीनं आली. ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्या दिवशी चूल दुसरीच्या हाती देऊन आली होती. पलंगाजवळ बसली. माझं मनगट हातात घेतलं. तिची दोन बोटं एकमेकांना टेकून वर पुन्हा जागा उरली. रडली नाही. म्हणाली,

"मी लहान होती तवा तुह्या आजीसंगं कापूस वेचाले जात जाओ. मालकीन वरतून भाकर टाके अन् म्हने, किती खाता वं तुमी. तवापासून मी परक्यासमोर पोटभर जेवली नाही. तुले तं आमी कधी उपाशी ठेवलं नाही. मंग तू कोनाच्या म्हनन्यानं उपाशी राहून राह्यली?"

सलाइन थेंब थेंब उतरत होतं अन् मला पहिल्यांदा राग आला. त्या मालकिणीला आईच्या डोक्यावर उभं तरी राहावं लागत होतं. माझ्या मॅडमला तेवढीही तसदी नव्हती. तिच्या वतीनं माझ्या ताटावर मीच पहारा देत होते. बिनपगारी.

पंधरा दिवसांनी दुकानात गेले. मॅडमनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिचा चेहरा फुलला.

"अगं, काय मस्त झालीस! थांब, आता दुसरा भाग करू. आधी आणि नंतर. तोच कुर्ता घाल."

तिनं मोबाइल लावला. कागद आणला. माझ्या पोटासमोर धरला. आता मी मावत होते.

मी तो कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि मोबाइलकडे पाहून बोलले.

"मी बारीक नाही झाली. मी बिमार झाली. चार महिने मले पाळी नाही. केस हातात येते. दवाखान्यात होती. पहिल्या व्हिडिओवर हसले त्यायनं हे पन पाहावं."

मॅडमनं झटकन मोबाइल बंद केला.

"वेडी आहेस का? मी तुला उपाशी राहा म्हटलं होतं?"

"नाही म्हटलं. पण हसाले तुमीच उभं केलं. माझा व्हिडिओ पेजवरून काढून टाका."

"पेज दुकानाचं आहे. उद्यापासून येऊ नको तू."

"नाही येत. अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जातो."

बाकीच्या तिघी घड्या घालत राहिल्या. एकीनंही वर पाहिलं नाही. त्यांना दोष देत नाही. मीही कधीतरी तसंच खाली पाहून घड्या घातल्या आहेत.

आईला घेऊन अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी पेजवरून व्हिडिओ गेला. लोकांच्या मोबाइलमध्ये तो अजून आहे. मी बरी झालेली नाही. डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते. दुसरी भाकर घेताना हात अजून थांबतो. मी तो पुढं नेते. कधी कधी रडत नेते.

परवा एक फोन आला. महागावची पोर, अकरावीतली. नाझियाच्या मामेबहिणीकडं माझे बारीक झाल्यावरचे फोटो पाहून तिच्याकडून माझा नंबर मिळवला होता.

"दीदी, तुमी इतक्या लवकर कसं कमी केलं? मले पन सांगा ना."

माझं काय काय झालं ते मी तिला सांगितलं. पायऱ्या, सलाइन, केस, पाळी. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "पन छान दिसत होत्या तुमी."

"आज काय खाल्लं?" मी विचारलं.

"मैत्रिनीकडं झालं," ती म्हणाली. ते 'झालं' मी ओळखते. मीही तसंच म्हणायची.

कसं कमी केलं ते मी तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगणार नाही. तिच्या घराचा पत्ता घेतला. उद्या सकाळच्या महागाव गाडीनं निघते. तिच्या आईशी बोलेन, डॉक्टरांचं नाव देईन. दारात उभं करणार नाहीत कदाचित. म्हणतील, तू कोण सांगणारी.

म्हणू दे. परवा पुन्हा जाईन.