कोचीच्या बंदरातून चालू केलेली मोटर

कोचीचं बंदर दिसू लागलं तेव्हा जहाजावरचे सगळे प्रवासी एका बाजूच्या कठड्याशी गर्दी करून उभे होते. मी तेवढा फोन डोक्यावर धरून रेंज शोधत होतो. मुंबई सोडल्यापासून दीड दिवस फोन मुका होता आणि मला काही सुचत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, समुद्र बघा की. फोन काय, भिंगारलाही असतोच." शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला होता, मोठ्या बोटीतून फिरायचं. मी हो म्हणालो खरा, पण मन घरी ठेवूनच निघालो होतो.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. मी नोकरीमुळे जन्मभर भिंगारला राहिलो, शेती धाकट्या भावाने सांभाळली. वाटणी झाली तरी विहीर सामायिक राहिली. दोन वर्षांपूर्वी मी विहिरीतल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. त्यातल्या सिमकार्डावर फोन लावला की मोटर चालू होते, पुन्हा लावला की बंद. "तुला अपरात्री विहिरीवर जायला नको," असं मी भावाला सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. माझ्या वाट्याच्या उसाला पाणी कधी द्यायचं, हे मला भिंगारच्या खुर्चीत बसून ठरवायचं होतं. आमची त्यावरून दोनदा चांगली जुंपलीही होती.

रेंज आली. कोणाचा निरोप आलाय, कोणाचा फोन येऊन गेलाय, काही न पाहता मी पहिला फोन मोटरीला लावला. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट दिवसा होती, ती वाया जाता कामा नये, एवढंच डोक्यात. पलीकडून नेहमीचा, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, "मोटर चालू झाली आहे." मला बरं वाटलं. फोन खिशात टाकून मी उतरायच्या रांगेत उभा राहिलो.

रांग हलत नव्हती म्हणून सहा-सात मिनिटांनी फोन पुन्हा काढला. भावाचा आदल्या संध्याकाळचा बोलका निरोप आला होता. कानाला लावला. "दादा, मोटर बंद पडलीया. केबलचा जोड जळलाय वाटतं. उद्या सकाळी उतरतो अन् जोड बदलतो. उद्या दिवसभर मोटर चालू करू नको, मी हिरीतच असन. ऐकलं का?"

मी आधी फोन लावून मोटर बंद केली. मग भावाला लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सोललेली वायर हातात, पाय पाण्यात, आणि वरून मी वीज सोडलेली. याच्यापुढे मला काही दिसेना.

भावजयही घरी नव्हती, ती कर्जतला माहेरी गेली होती. भाऊ वस्तीवर एकटाच. शेजारच्या वस्तीवर फोन लावून कोणाला तरी विहिरीवर पाठवणं सरळ होतं. मी ते केलं नाही. नंबर काढून दोनदा फोन खाली ठेवला. काय सांगणार? मोटर मी चालू केली म्हणून? आमची भांडणं अख्ख्या गावाला ठाऊक. लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात आला. भाऊ कदाचित पाण्यात पडलेला असताना मला लोकांची पडली होती. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

जहाज संध्याकाळी पाचला सुटणार होतं. बायकोने रिक्षा ठरवली आणि आम्ही जुनं शहर बघायला निघालो. खाडीच्या तोंडाशी लाकडी वाशांवर टांगलेली भलीमोठी चिनी जाळी होती. चार-पाच जण दोर ओढत होते, दोराला बांधलेले दगड खाली येत होते आणि जाळं पाण्यातून वर निघत होतं. बायको म्हणाली, "आपल्या मोटेसारखंच की हो." मोट म्हटल्यावर मला विहीर आठवली. मी तिथून निघून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

नंतर एक जुनं चर्च पाहिलं. म्हणजे तिने पाहिलं. मी बाहेर एका मोठ्या झाडाच्या सावलीत येरझाऱ्या घालत फोन लावत होतो. मट्टनचेरीच्या गल्लीत सुंठीची पोती, मिरीचा वास, रंग उडालेली गोदामं. रिक्षावाला मोडक्या हिंदीत काही सांगत होता, मी नुसती मान डोलावत होतो. मध्येच त्याच्यावर खेकसलोही, "चलो ना जल्दी." त्या बिचाऱ्याने वेग वाढवला. कुठे पोहोचायची घाई होती मला? घाम, खारा वारा, खोबरेल तेलात तळलेल्या केळ्यांचा वास, सगळ्याचा संताप येत होता. तेवीस वेळा भावाला फोन लावला होता.

यहुद्यांच्या जुन्या प्रार्थनामंदिरात चपला बाहेर काढून आत जावं लागतं. जमिनीला निळ्या-पांढऱ्या फरशा, आणि म्हणे एकीसारखी दुसरी नाही. बायको वाकून एकेक फरशी बघत होती. अचानक ती ताठ उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सकाळपासून बघतेय. काय केलंय तुम्ही?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. तिने मला हाताला धरून बाहेर आणलं, स्वतःच्या फोनवरून शेजारच्या वस्तीवरच्या बाईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "मोटर यांनी चुकून चालू केली होती. भावजी विहिरीत आहेत. तेवढं पळत जाऊन बघता का?" इतकी साधी तीन वाक्यं. मला दिवसभरात ती बोलता आली नव्हती.

ती बाई फोन चालू ठेवूनच निघाली. तिची धाप ऐकू येत होती, वाळलेल्या पाचटावरून पाय पडल्याचा आवाज येत होता, मध्येच कुत्रं भुंकलं. आम्ही गल्लीच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर, दोघंही अनवाणी. चपला घालायचं भान राहिलं नव्हतं.

"वहिनी, हिरीवर तर कोनी न्हाई दिसत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "चपला हायेत काठावर."

बायकोने माझा दंड घट्ट धरला. पलीकडे ती बाई विहिरीत वाकून हाका मारत होती. एक हाक. दुसरी. मी डोळे मिटून घेतले. मग लांबून, खोलातून, चिडका आवाज आला, "कोन हाय गं? वरडाया काय झालं?"

मी त्या पायरीवरच रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

भाऊ वर आला, तिच्या हातातून फोन घेतला. तो सकाळपासून खालीच होता, दुपारी नुसती बरोबर आणलेली भाकर खायला काठावर आला होता, फोन घरात चार्जिंगला. मी म्हणालो, "अरे, मी मोटर चालू केली होती. तुझा निरोप नंतर ऐकला."

"व्हय, वाटलंच मला," तो म्हणाला.

"तुला काही झालं नाही?"

"काय हुतंय? स्टार्टरमधनं खाली येनाऱ्या तिन्ही वायरी कालच सोडून ठेवल्यात, नुसता स्टार्टर बोलला आसंल. आधी वायरी सोडल्या, मंग तुला निरोप धाडला."

"मग निरोप कशाला धाडलास?"

"तुला कळवायचं म्हनून. न्हाईतर म्हनशील, इचारलं न्हाई." मग अगदी शांतपणे म्हणाला, "तू दुसऱ्याचं ऐकून घेऊन बटन दाबतोस व्हय कधी, दादा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.