शेजारच्या खाटेपाशी बसणारे गृहस्थ

आई विश्रांतवाडीच्या दवाखान्यात होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान दिवसभर उशाशी बसून असत. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. बायकोला पाणी पाजून झालं की आईचीही बाटली न सांगता भरून आणत.

एकदा मी चहा पुढे केला. “आमच्यात चहा घेत नाहीत,” ते म्हणाले. “मी मॉर्मन आहे. तोही येशूला मानणारा एक पंथच.”

मी पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा मुलगा. पटकन बोलून गेलो, “म्हणजे तुम्ही खरे ख्रिस्ती नव्हेच. बायबल असताना तुम्हाला आणखी एक धर्मपुस्तक लागतं!” वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली.

ते चिडले नाहीत. बायकोचं पांघरूण सारखं करत म्हणाले, “पुस्तकावरून वाद घाला, हरकत नाही. मला दोन्हींत येशूच भेटतो. पण हिच्या उशाशी बसून मी कुणाला हाक मारतो, ते तुम्ही नका हो ठरवू.”

शाळेत मुलं मला ख्रिस्ती म्हणून ‘तू आपल्यातला नाहीस’ म्हणायची, तेव्हा मी घरी येऊन रडायचो. आता तेच मी एका थकलेल्या माणसाला ऐकवलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी आमच्या चर्चचे आताचे पाळक वेळेत पोचले नाहीत. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. “भाऊ, तुम्ही करता का प्रार्थना?” तिनं शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

ते लगेच उठले. हात छातीशी बांधून, मान खाली घालून त्यांनी आईसाठी साध्या मराठीत मागणं केलं आणि ‘येशूच्या नावानं’ म्हणून थांबले. आई मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली.

आई बरी होऊन घरी आली. त्यांची माफी मात्र मी मागितली नाही.